मोजणीवाले सर

आमच्या धारूरला दगड भरपूर, ऊन त्याहून भरपूर आणि किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दरी. निसर्गाचे फोटो काढायला एवढं भांडवल पुष्कळ झालं, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. कॅमेऱ्यामागे मी उभा राहिलो की ते भांडवल नेमकं कुठे जातं, तेवढं मात्र उमगत नाही.

मी भूगोलाचा मास्तर. म्हणजे होतो. उभा जन्म फळ्यावर बालाघाटचे डोंगर काढण्यात गेला. खडू आडवा धरून उतार दाखवायचा, वर गोदावरी, खाली मांजरा, मधे हा पाणलोट, आणि त्या डोंगराच्या अगदी काठावर एक ठिपका देऊन पोरांना विचारायचं, हे कोणतं गाव? पोरं एका सुरात ओरडायची, धारूर! घाट उतरला की गंगथडीची काळीभोर जमीन आणि वर आमचा मुरूम, हा फरक मी इतक्या वर्गांना सांगितला की निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना. खडू सुटला होता, डोंगर समोरच होते. अशा नाजूक वेळी माणसाने भजनी मंडळात जावं. मी कॅमेरा घेतला.

घेतला म्हणजे गळ्यात पडला. भाचा पुण्याला असतो. त्याने बिनआरशाचा नवा कॅमेरा घेतला आणि आरशाचा जुना, त्याच्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या भिंगासकट, "मामा, बाहेर विकण्यापेक्षा घरातच राहील" असं म्हणत मला दिला. अर्ध्या किमतीत. वस्तू घरातच राहण्याचा दर एवढा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या सौ.नी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. आमच्या घरात गॅस बारीक झाला की विषय लांबणार हे मी ओळखून असतो.

"अहो, फोनमध्ये आहे की कॅमेरा."

मी तिला लाला दीनदयाळांची गोष्ट सांगितली. म्हटलं, आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यात नाव काढलेला हा माणूस. मूळचा इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा, म्हणजे जवळपास माझ्याच धंद्यातला. त्या काळचा अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वागवत वेरूळ-दौलताबादपर्यंत पोचला, आणि शेवटी सहाव्या निजामाने त्याला दरबारी छायाचित्रकार नेमून 'मुसव्विर जंग' असा किताब दिला.

"त्यांना निजाम पगार देत होता," ती म्हणाली आणि गॅस मोठा केला.

मग मी माहितीपुस्तिका वाचायला घेतली. तिच्यातलं पहिलं सत्य असं की एफचा आकडा मोठा तर छिद्र लहान आणि आकडा लहान तर छिद्र मोठं. खरं म्हणजे माझ्यासारख्याला हे जड जायला नको होतं, कारण नकाशाच्या प्रमाणाचंही असंच उलटं असतं, पन्नास हजारास एक हे मोठं प्रमाण आणि दहा लाखास एक हे लहान. तिथे पोरांचा हमखास गोंधळ व्हायचा आणि मी वर्गात ओरडायचो. आता गोंधळ माझा होत होता. ओरडायला घरात माणूस होतंच.

जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा पुस्तिकेत नव्हता, तो भाच्याने फोनवर सांगितला. कडक ऊन असेल तर छिद्र एफ १६ ला ठेवायचं, आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाला, की मीटरशिवाय फोटो बरोबर येतो. ज्याने कुणी हा ठोकताळा बसवला त्याने मे महिन्यात भर दुपारी आमच्या किल्ल्यावर उभं राहून दाखवावं. फोटो बरोबर आला. मी मात्र आठवडाभर कांदा खिशात ठेवून फिरत होतो आणि रात्री सौ. तळपायाला काशाची वाटी घासत होती.

किल्ला आमचा मोठा मानी. आदिलशाहीतल्या किश्वरखान लारीने १५६८ च्या सुमारास तो उभारला, आणि थोड्याच दिवसांत निजामशाहीची फौज चालून आली तेव्हा तो बिचारा इथेच मारला गेला. ज्याने बांधला त्यालाच जो किल्ला लाभला नाही, तिथे अर्ध्या किमतीचा कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाने अपेक्षा बेताच्या ठेवायला हव्या होत्या. पण डिसेंबरात एकदा पहाटे फिरायला गेलो असताना तटाच्या पडक्या खाचेतून सूर्य असा काही नेमका वर आलेला मी पाहिला होता की ती जागा मनात धरूनच बसलो होतो. मधे कॅमेरा आला, पुस्तिका वाचण्यात उन्हाळा गेला आणि जून उजाडता उजाडता मी मुहूर्त धरला. पहाटे अंधारात उठलो, दुधाचं पातेलं लाथाडलं, थर्मासमध्ये चहा भरला, कॅमेरा गळ्यात, बॅटरी हातात, दुसरी बॅटरी चार्जिंगला घरीच, असा ठेचकाळत किल्ल्यावर पोचलो आणि त्या खाचेवर भिंग रोखून बसलो. पूर्वेला पांढरं झालं, मग तांबूस झालं, पाखरं बोलायला लागली, मी श्वास धरला, खाचेतून काहीच येईना, आणि एकदम माझ्या डाव्या गालाला ऊन लागलं. मान वळवून बघतो तर सूर्य तिकडे, कितीतरी लांब, एका मोबाइल टॉवरच्या मागून वर आलेला.

खाली बाभळीजवळ शेळ्या घेऊन एक जण उभा होता. माझाच विद्यार्थी.

"सर, तो आता तिकडं उगवतो," त्याने अदबीने सांगितलं. "उत्तरायण ना. तुम्हीच शिकवलं होतं."

शिकवलं होतं. आमचं गाव एकोणीस अंश अक्षांशाच्या किंचित खाली. इथे सूर्य उगवण्याची जागा डिसेंबरात पूर्वेच्या उजवीकडे पंचवीसेक अंश आणि जूनमध्ये डावीकडे तेवढीच सरकते, म्हणजे वर्षभरात पन्नास अंशांची येरझार. आकृती काढून शिकवलं होतं. आणि हाच धडा येईना म्हणून त्या पोराला मी तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता त्याच्या शेळ्यासुद्धा माझ्याकडे बघत होत्या.

हे सगळं तसं घरगुती होतं. ट्रायपॉड आला आणि माझ्या छंदाला सामाजिक स्वरूप आलं.

पावसाळा सरत आलेला. घाटमाथ्यावरच्या एका शिवारात सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, पलीकडे तूर कमरेला लागलेली, मागे डोंगराची निळी कड आणि दोन रानांच्या मधून आडवा गेलेला गवताळ धुरा. भाच्याने दिलेल्या पुस्तकात म्हटलं होतं की नुसता लांबचा डोंगर फोटोत मरतो, पुढ्यात काहीतरी लागतं. पुढ्यात धुरा होता. मी चढावर तीन पाय रोवले, कॅमेरा बसवला आणि वाकून पाणसळीचा बुडबुडा मधे आणायला लागलो. बुडबुडा मधे येईपर्यंत सोयाबीनमधून एक आबा उठले. हातात खुरपं.

"मोजणी हाय व्हय?"

"नाही आबा. फोटो काढतोय."

"धुऱ्याचा?"

"डोंगराचा."

आबांनी डोंगराकडे एकदा नीट पाहून घेतलं. जन्मापासून बघत होते, पण आज त्यात काही नवीन आहे का ते तपासलं. मग म्हणाले, "कामून? त्यो काय पळून चाललाय?"

याला उत्तर मला तेव्हा सुचलं नाही आणि नंतरही सुचलेलं नाही. विलायती पुस्तकांतल्या फोटोंत डोंगर असतो, तळं असतं, एखादं एकटं झाड असतं; ते कुणाचं आहे असं कुणी विचारत नाही. आमच्याकडे प्रत्येक झाडाला गट नंबर आहे. त्यातून गेली काही वर्षं जिल्ह्यात पवनचक्क्या उभ्या राहतायत, रस्ते रुंद होतायत, तेव्हा शेतात तीन पायांचं काहीही उभं राहिलं आणि त्याच्यामागे चष्मेवाला माणूस वाकला, की तो एकतर जमीन घ्यायला आलेला असतो नाहीतर मोजायला. तिसरा प्रकार अजून कुणी पाहिलेला नाही.

पाच मिनिटांत पलीकडच्या रानातून आबांचे धाकटे भाऊ मोटरसायकल आडवी घालत आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा बरोबर होता. तो माणूस सातबारा घेऊनच मोटरसायकलवर बसत असावा. त्यांच्यामागून आणखी दोघेतिघे आले आणि त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कंपनी कंची? खालच्या गटात किती देऊ केले?" मी म्हटलं, अहो मी सर, शाळेतला, भूगोलाचा. त्यावर तो समजूतदारपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, नका सांगू. पण आमचा बी गट ध्यानात ठिवा."

एवढ्यावर मी आवरतं घ्यायला हवं होतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. फोटो म्हणजे काय ते यांना एकदा दाखवावं, शंका मिटेल, अशा सद्हेतूने मी एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर सगळ्यांना दाखवला.

आता माझ्या त्या भिंगाला १८ मिलिमीटरवर एक खोड आहे. तसल्या रुंद भिंगांना ती थोडीफार असतेच. चौकटीच्या काठाजवळ आलेली सरळ रेघ बाहेरच्या अंगाला फुगते. मी धुरा चौकटीच्या तळाशी धरला होता. तो मधोमध पोट काढून खाली आला, म्हणजे अलीकडच्या रानात शिरला. अलीकडचं रान आबांचं.

"बघा!" आबा ओरडले. "म्या किती वर्सं सांगतोय, ह्यानं धुरा कोरला! मिशिनीत आलं का न्हाई!"

"आबा, तो भिंगाचा दोष आहे."

"सर, तुमी बी त्याच्याकडून झालात व्हय?"

मी घाईघाईने कॅमेरा खाली झुकवला, धुरा चौकटीच्या वरच्या काठाला आणला आणि दुसरा फोटो काढला. आता धुरा वर फुगला, थेट धाकट्याच्या तुरीत. धाकट्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि सातबाऱ्याची पिशवी सोडायला सुरुवात केली. दोघांनाही आपापला फोटो कागदावर काढून पाहिजे होता, मोठा, कोर्टात लावण्याजोगा, आणि त्यावर माझी सही. मला घाम फुटला. शेवटचा उपाय म्हणून मी धुरा चौकटीच्या बरोबर मधोमध घेतला. तिथे रेघ फुगत नाही. फोटोत धुरा ओळंब्याला लावून बघावा इतका सरळ आला.

दोघा भावांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"ह्यो खोटा हाय," आबा म्हणाले.

"व्हय," धाकटे म्हणाले.

मागून कुणीतरी माझ्या कानाशी सांगितलं की हे दोघे वडील गेल्यापासून एकमेकांशी शब्दानेही बोललेले नव्हते. मी तीन पाय गोळा करत होतो तेव्हा आबा धाकट्याला म्हणत होते, "मास्तरला यातलं काय बी कळंना," आणि धाकटे म्हणत होते, "मला बी शाळेत तसंच वाटायचं." नंतर त्यांनी मला चहा पाजला. एकत्र. त्या दिवसापासून त्या अंगाच्या साऱ्या गावांत मला मोजणीवाले सर म्हणतात, आणि मी दिसलो की काही माणसं धुऱ्यावर जाऊन उभी राहतात.

ट्रायपॉड माळ्यावर गेला. त्याच्याऐवजी भाच्याने नवी युक्ती सांगितली, की जंगलात फोटो काढणारे लोक दाण्यांनी भरलेली पिशवी वापरतात. दगडावर टाकायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, हलत नाही. आमच्या घरात दाण्यांनी भरलेल्या पिशव्यांना तोटा नाही. मी हरभऱ्याच्या डाळीची उचलली. तटावर ती छान बसली, कॅमेरा तिच्यावर छान बसला आणि पाऊसही छान बसला. मी कॅमेरा सदऱ्यात घातला, अंग आखडून पळालो आणि कमानीखाली आल्यावर आठवलं की डाळ तटावरच राहिली. तासाभराने उघडल्यावर आणायला गेलो तर पिशवी टरारून फुगलेली. सौ.नी ती न बोलता घेतली, चार पाण्यांतून धुतली, लसूण-मिरची घालून वाटली आणि वडे केले. सुरेख झाले. शेजारपाजारी वाटले. माझ्या छायाचित्रणाबद्दल घराबाहेर चांगलं बोललं गेलं ते त्या दिवशी.

त्याच पावसात किल्ल्यातली पाणी साठवण्याची ठिकाणं भरली. आमच्याकडे त्यांना दिंडी म्हणतात. एक खारी दिंडी, एक गोडी दिंडी, पाण्याच्या चवीवरून. भरलेल्या दिंडीत तटाचं प्रतिबिंब पडतं ते फार देखणं, म्हणून मी मुद्दाम पोलरायझर नावाची फिरती काच मागवली. ती भिंगावर लावली की रंग गडद होतात, आकाश निळंशार होतं, असं वाचलं होतं, आणि त्यापुढचं वाचलं नव्हतं. भिंगावर लावली, फिरवली, आणि बघता बघता पाण्यातला तट विरघळून गेला आणि तळाचं शेवाळ, एक चप्पल आणि गुटख्याच्या पुड्या लख्ख दिसायला लागल्या. पाण्यावरची चकाकी आणि प्रतिबिंब काढून टाकणं हेच त्या काचेचं मुख्य काम. पेन्शनीतले पैसे घालून मी प्रतिबिंब पुसायचं यंत्र विकत घेतलं होतं.

कोजागरीला मात्र जिद्दीने गेलो, कारण त्या पुस्तकात अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सचा एक फोटो होता. १९४१ सालचा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा. वर चंद्र, खाली दफनभूमीतले क्रूस मावळत्या उन्हात पांढरे झालेले. रस्त्याने जाता जाता त्याला ते दृश्य दिसलं, गाडी थांबवली, मोठा कॅमेरा मांडला, आणि ऐन वेळी प्रकाश मोजायचं मीटरच सापडेना. ऊन तर क्रुसांवरून निघून चाललेलं. तेव्हा चंद्र किती उजळ असतो त्याचा आकडा पाठ होता, त्यावरून त्याने तोंडी हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं होतं. हे वाचून मी भारावलो. गावाच्या बाहेर, टेकाडावर, चंद्र वर येताना गाव आणि चंद्र एका चौकटीत, असा बेत. आकडा मलाही पाठ होता, फक्त दुसराच: भिंगाच्या मिलिमीटरला साधारण एकशे दहाने भागलं की चंद्राची छबी केवढी पडणार ते निघतं. १८ ला ११० ने भागायचं मी घरी आल्यावर केलं. पाव मिलिमीटरही भरत नाही. फोटोत काळ्याभोर कागदावर साबुदाण्याचा एक दाणा सांडलेला दिसत होता, आणि तोही हललेला. गच्चीवर आटीव दूध केव्हाच संपलं होतं. माझा पेला ठेवला होता असं सगळे सांगत होते. कुणी प्यायला ते कुणी सांगेना.

सगळंच वाईट झालं असं नाही. सीताफळाने मला हात दिला. आमच्या बालाघाटात उथळ, दगडगोट्यांच्या मुरमाड जमिनीवर, जिथे दुसरं काही उगवायला राजी नसतं तिथे सीताफळ रानोमाळ येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, आणि ते कळल्यापासून आम्ही बिया थुंकतानादेखील जरा ऐटीत थुंकतो. उतरत्या उन्हाची वाट बघत एका उतारावर बसलो होतो तेव्हा पाट्या भरून चाललेल्या एका मावशींनी डोळे उघडलेलं एक फळ हातावर ठेवलं. म्हणाल्या, खा सर, उद्यापर्यंत ऱ्हायचं न्हाई. अंगठ्याने दाबलं की दोन भकलं व्हावीत इतकं पिकलेलं. मनगटापर्यंत माखून मी ते खात होतो आणि नेमक्या त्याच वेळी डोंगरावर ऊन असं काही पसरलं की हात धुवायला सवड नव्हती. तो फोटो मी भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर तासाभरात आलं. "मामा, कमाल! कडा काय मऊ आल्यात, सगळ्यावर हलकी झिलई आहे. कोणता फिल्टर?"

मी लिहिलं, देशी आहे.

पण ज्या फोटोने माझं नाव झालं, किंवा व्हायला हवं होतं, तो घाटातला. धारूरचा घाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी खामगाव-पंढरपूर हमरस्त्यावरच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारावं. तो आधी कपाळाला हात लावेल आणि मग बोलेल. रस्ता चिंचोळा, वळणं अवघड. आणि लांबून बघायला तेवढाच सुंदर. रात्री शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं, छिद्र एफ ११, की उतरणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या पिवळ्या आणि तांबड्या रेघा वळणावळणांनी कागदावर ओढल्या जातात. असा एक फोटो मला हवा होता. दिवाळी नुकतीच झाली होती. ट्रायपॉड माळ्यावरून उतरवला, शिवारात कुणाला दिसू नये म्हणून सतरंजीत गुंडाळला आणि वरच्या वळणावर जाऊन मांडला. खाली दिवे होते. पुष्कळ होते. शटर उघडलं, मनात तीस आकडे मोजले, बंद केलं. पडद्यावर नुसते ठिपके. पुन्हा उघडलं, पुन्हा मोजलं. तेच ठिपके, त्याच जागी.

घाट तुंबला होता. एक ट्रक आडवा झाला होता आणि खालपासून वरपर्यंत एकही चाक हलत नव्हतं. रेघा कशाच्या उमटणार?

"सर, तिथनं दिसतंय का काय झालंय?" खालून हाक आली. मोजणीवाले सर वर बसलेत ही बातमी रांगेत केव्हाच पसरली होती. अडकलेल्यांत निम्म्या गाड्या ऊसतोडीला निघालेल्यांच्या. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांत भांडी, कोंबड्या, दळण, गोधड्या, गोधड्यांवर झोपलेली लेकरं. वर्गात ज्यांची नावं दिवाळीनंतर हजेरीपटावर नुसतीच राहायची ती ही लेकरं, किंवा आता त्यांची लेकरं. कडेला तीन दगडांची चूल पेटली होती. एक बाई एका हाताने बाजरीची भाकरी थापत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलच्या उजेडाची दिशा पोराला दाखवत होती. मी तिथे डोंगराचं सौंदर्य टिपायला आलोय हे सांगण्याची मला लाज वाटली, म्हणून मी पोलिसांना फोन लावून दिला, दोन म्हाताऱ्यांना थर्मासमधला चहा दिला, आणि बदल्यात भाकरी आणि ठेचा खाऊन, डोळे-नाक पुसत, आता आलोच आहोत तर म्हणून शेवटचा एक फोटो घेतला.

तो फोटो कमालीचा स्पष्ट आला. माझ्या हातून निघालेला असा एवढाच. अर्धा मिनिट शटर उघडं असूनही ट्रकच्या मागे रंगवलेली अक्षरं वाचता येत होती, कारण ट्रक अर्धा मिनिट काय, अर्धी रात्र हलला नव्हता. मी तो गावच्या व्हाट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी तो एका दैनिकाच्या जिल्हा पानावर चार कॉलमांत छापून आला. वर मथळा, 'घाटात वाहतूक ठप्प'. खाली बारीक अक्षरांत, 'संग्रहित छायाचित्र'.

सौ.नी तो अंक जपून ठेवला. डब्यांत घालायला नाही, कपाटात. एवढ्यावर मी समाधानी होतो. पण पुढच्या महिन्यात पुन्हा घाट तुंबला आणि पुन्हा तोच फोटो आला. मग उन्हाळ्यात आला. मग भर आषाढात, दरड कोसळल्याच्या बातमीवर, उसाच्या ट्रॉल्यांसकट आला. भाच्याचा पुण्याहून फोन, मामा, तुमच्याकडे पावसाळ्यात ऊसतोड असते का?

गेल्या आठवड्यात त्या दैनिकाच्या वार्ताहराचाच फोन आला. माझा नंबर त्याला कुठून मिळाला कोण जाणे; 'मोजणीवाले सर' एवढंच त्याला माहीत होतं. म्हणाला, "सर, वाहतूक सुरळीत झाल्याची बातमी लावायचीय. घाट मोकळा दिसेल असा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का?" नव्हता. पण काढून आणतो म्हटलं, संध्याकाळच्या आत. कॅमेरा गळ्यात अडकवला, स्कूटर काढली, सौ.नी विचारलं कुठे, तर म्हटलं कामाला, प्रेसच्या. दुसऱ्या वळणावर पोचलो. पुढे ट्रक आडवा होता.